अजिंक्यपदाचा सौदा

मुष्टियुद्धाच्या रिंगणांत दोन वीर उतरले म्हणजे त्यांच्या झुंजीस फार तर ३६ मिनिटें लागतात. तीन मिनिटांची एक फेरी, अशा १२ फेऱ्या. पहिल्याच फेरींत एकजण आडवा झाला तर तितकाही वेळ लागत नाहीं. परंतु ह्या ३६ मिनिटांच्या आधीं दुसरी एक झुंज चालते, आणि ती कधीं दोन वर्षें, कधीं पांच वर्षें चालून कित्येकदां निकालाशिवायच विरून जाते. ही झुंज मेजाभोंवतीं होते. तींत ठोसे नसतात. टक्के, तारखा, अटी व कलमें असतात. तिचे लढवय्ये म्हणजे ठेकेदार, वकील आणि दूरचित्रवाणीच्या कंपन्यांचे व्यवस्थापक. ती चालू असतां बाहेर वर्तमानपत्रांतून जो डंका वाजत असतो त्याचा आवाज इतका मोठा असतो कीं, वाचकास वाटावें, लढत झालीच. फक्त निकाल कळावयाचा राहिला आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस ह्या खेळाची गोडी आहे, आणि हेवीवेट म्हणजे सर्वांत जड वजनाच्या गटांतील अजिंक्यवीरांचीं नांवें त्यांस इतिहासांतील राजांच्या नांवांपेक्षां चटकन् आठवतात. त्याबद्दल त्यांस बोल लावण्याचा आमचा हेतु नाहीं. मुष्टियुद्ध हा खेळ चांगला कीं वाईट, हा वादही आज आम्हांस काढावयाचा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, अजिंक्यपद ही तें धारण करणाऱ्याची मालमत्ता नसून त्याच्यापाशीं ठेविलेली ठेव आहे, आणि सर्वांत लायक अशा आव्हानवीराशीं वेळच्या वेळीं लढणें हें त्या ठेवीचें व्याज होय. हें व्याज चुकविण्याची युक्ति म्हणून जेव्हां वाटाघाटी लांबविल्या जातात, आणि न होणाऱ्या लढतीचाच गाजावाजा करून लोकांचें लक्ष व पैसा ओढिला जातो, तेव्हां खेळाचें नुकसान होतें. परंतु त्याहून मोठें नुकसान त्या माणसाचें होतें, ज्याचीं उमेदीचीं वर्षें दाराशीं उभें राहण्यांत जातात.

प्रथम दुसरी बाजू सांगणें न्यायाचें होईल. घासाघीस करणें हें मुळांत पाप नव्हे. मुष्टियोद्धा आपला देह पणास लावितो, आणि त्याच्या कमाईचा काळ फार थोडा असतो. जो लुई हा १९३७ पासून १९४९ पर्यंत अजिंक्य होता. इतका दीर्घ काळ तें पद दुसऱ्या कोणत्याही हेवीवेट वीरानें सलग राखिलेलें नाहीं. तरी पुढें सरकारी कराच्या थकबाकीनें तो इतका गांजला कीं, उतारवयांत लास व्हेगस येथील एका जुगारगृहांत पाहुण्यांचें स्वागत करण्याचें काम त्यास पत्करावें लागलें. महंमद अली ह्यास कंपवाताचा विकार जडल्याचें निदान १९८४ सालीं झालें, आणि २०१६ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या विकारानें त्याची पाठ सोडिली नाहीं. ज्यांच्या भविष्यांत असे दिवस येण्याचा संभव आहे त्यांनीं आपल्या श्रमाचें मोल आधीं ठरवून घेतलें तर त्यांस लोभी कोणीं म्हणावें?

अशा रोखठोक व्यवहाराचें जुनें उदाहरण टॉमी बर्न्स ह्या कानडाच्या मुष्टियोद्ध्याचें आहे. जॅक जॉन्सन नांवाचा कृष्णवर्णीय वीर त्याच्या मागोमाग इंग्लंडांत व तेथून ऑस्ट्रेलियांत गेला आणि जेथें जाईल तेथें आव्हान देत राहिला. बर्न्सनें आपली किंमत सांगितली: हार होवो वा जीत, ३०,००० डॉलर. ह्यू मॅकिंटॉश नांवाच्या ठेकेदारानें ती कबूल केली. जॉन्सनच्या वाट्यास केवळ ५,००० डॉलर आले. २६ डिसेंबर १९०८ रोजीं सिडनी येथें लढत झाली, आणि चौदाव्या फेरींत पोलिसांनीं ती थांबविली तेव्हां बर्न्स पुरता पराभूत झाला होता. वाटणी विषम होती, ह्यांत शंका नाहीं. परंतु बर्न्सनें पैसे घेतले आणि तो रिंगणांत उतरला. त्याच्या पूर्वीच्या अजिंक्यवीरांनीं जें दार कृष्णवर्णीयांस उघडलें नव्हतें तें त्यानें, पैशासाठीं कां होईना, उघडलें. घासाघीस करून अखेर लढणें आणि न लढण्यासाठीं घासाघीस करणें ह्या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि आमचा सारा आक्षेप ह्या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

ही दुसरी गोष्ट इतकी सोपी कां झाली, तें समजून घेतलें पाहिजे. आपल्याकडे जत्रेच्या फडांत पंच जोड लावितात, इनाम पुकारलें जातें, हलगी कडाडते आणि कुस्तीस आरंभ होतो. हेवीवेट अजिंक्यपदाची जोड लावणारा असा एकच फड जगांत नाहीं. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, १९६३ सालीं निघालेली वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल, १९८३ ची इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन आणि १९८८ ची वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन अशा चार संस्था आहेत. प्रत्येकीचा पट्टा निराळा, आव्हानवीरांची क्रमवारी निराळी, आणि लढतीच्या मानधनांतून घेतलेली फीही निराळी. त्यावर प्रत्येक वीराचा ठेकेदार वेगळा, आणि त्या ठेकेदाराचा दूरचित्रवाणीच्या कंपनीशीं झालेला करार वेगळा. शिवाय हरणाऱ्यास पुन्हां एकदां लढण्याचा हक्क देणारें कलम बहुतेक करारांत असतें; म्हणजे एक लढत ठरवितांना दोन ठरवाव्या लागतात. इतक्या गांठी असल्यावर ज्यास लढावयाचें नाहीं त्यास सबब शोधावी लागत नाहीं. कोणती तरी एक गांठ सुटली नाहीं म्हणून सांगितलें कीं झालें.

मात्र हा दोष केवळ चार संस्थांच्या काळांतला आहे असें कोणीं समजूं नये. हॅरी विल्स ह्याची हकीकत शंभर वर्षांपूर्वींची आहे. हा न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय गोदी-कामगार मुष्टियुद्धांत इतका पुढें आला कीं, १९१९ सालीं जॅक डेम्प्सी अजिंक्य झाल्यानंतर त्यास खरा तोडीचा प्रतिस्पर्धी विल्सच, असें पुष्कळ जाणते म्हणूं लागले. १९२२ सालीं दोघांनीं लढण्याच्या करारावर सह्या केल्या. परंतु त्यांत ना स्थळ होतें ना तारीख. न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध-आयोगानें विल्सचा हक्क उचलून धरिला. १९२५ सालीं पुन्हां करार झाला, पुन्हां सह्या झाल्या, पुन्हां छायाचित्रें निघालीं. पण डेम्प्सीस द्यावयाची आगाऊ रक्कम त्याच्या हातीं पडली नाहीं आणि तोही बेत मोडला. १९१० च्या दंगलींची, जिच्याविषयीं आम्ही पुढें सांगणार आहोंत, भीति पुष्कळांच्या मनांत होती. गोऱ्या अजिंक्यवीराचा कृष्णवर्णीयाकडून पराभव झाला तर काय होईल, ह्या विचारानें ठेकेदार व राजकारणी दोघेही मागें सरत. अखेर २३ सप्टेंबर १९२६ रोजीं फिलाडेल्फिया येथें १,२०,००० हून अधिक प्रेक्षकांपुढें डेम्प्सी लढला तो जीन टनीशीं, आणि तेथें अजिंक्यपद गमावून बसला. विल्सचें वय तेव्हां ३७ होतें. पुढच्याच महिन्यांत तो जॅक शार्की नांवाच्या तरुणाशीं लढतांना नियमभंगाबद्दल बाद झाला, आणि त्यानंतर त्याच्या आव्हानाची कोणीं दखल घेतली नाहीं.

विल्सचा पराभव रिंगणांत झाला असता तर त्याबद्दल आम्हांस कांहीं म्हणावयाचें नव्हतें. डेम्प्सी कदाचित् त्यास पहिल्याच फेरींत लोळविता. कदाचित् विल्स अजिंक्य होता. दोहोंपैकीं कांहींही झालें असतें तरी एका माणसास स्वतःचें मोल कळलें असतें. तें कळण्याचा त्याचा हक्क ज्यांनीं हिरावून घेतला त्यांनीं एकदांही 'नाहीं' असा शब्द उच्चारला नाहीं. त्यांनीं नेहमीं 'होय' म्हटलें, सह्या केल्या आणि वाट पाहावयास लाविलें. उघड नकारापेक्षां हा गोड होकार अधिक क्रूर होय. कारण नकार मिळालेला मनुष्य दुसरी वाट धरूं शकतो, होकारावर विसंबलेला तेथेंच खिळून राहतो.

आतां असाच एक सौदा पाहूं, ज्याचा निवाडा करणें इतकें सोपें नाहीं. जून १९३६ मध्यें जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंग ह्यानें तरुण जो लुईस बाराव्या फेरींत चीत केलें. त्या वेळचा अजिंक्यवीर जेम्स ब्रॅडॉक ह्याच्याशीं लढण्याचा हक्क न्यायानें श्मेलिंगचा होता, आणि तसा करारही झालेला होता. परंतु जर्मनींत हिटलरची सत्ता होती. अजिंक्यपद एकदां तिकडे गेलें तर परत येणार नाहीं, अशी धास्ती अमेरिकेंत होती, व लढतीवर बहिष्कार घालण्याची चळवळही सुरू झाली होती. ब्रॅडॉकचा व्यवस्थापक जो गूल्ड ह्यानें तेव्हां लुईच्या बाजूच्या ठेकेदाराशीं, माइक जेकब्जशीं, वेगळाच सौदा केला: ब्रॅडॉकनें लुईशीं लढावें, आणि तो हरला तर पुढील दहा वर्षें हेवीवेट अजिंक्यपदाच्या लढतींतून जेकब्जला होणाऱ्या नफ्याचा दहावा हिस्सा त्यास मिळावा. जून १९३७ मध्यें श्मेलिंग ठरल्या दिवशीं न्यूयॉर्कमध्यें वजन करून घेण्यास हजर झाला. ब्रॅडॉक आलाच नाहीं. २२ जून रोजीं शिकागो येथें लुईनें ब्रॅडॉकला आठव्या फेरींत पाडलें. जॅक जॉन्सननें १९१५ सालीं पद गमाविल्यापासून २२ वर्षें एकाही कृष्णवर्णीयास त्या पदासाठीं लढूं दिलें नव्हतें. तें बंद दार अशा रीतीनें उघडलें.

ह्या प्रसंगीं कोणाचें बरोबर? मंदीच्या दिवसांत सरकारी मदतीवर कुटुंब जगविलेल्या आणि पुढें ती मदत परत फेडणाऱ्या ब्रॅडॉकला आपल्या मुलांची तरतूद करावीशी वाटली, हें समजण्यासारखें आहे. लुईस संधि मिळाली ती उशिरानें मिळालेला न्यायच होता. पण श्मेलिंगवर अन्याय झाला, हेंही तितकेंच खरें. आणि तो झाला हें लुई स्वतः जाणून होता. श्मेलिंगला हरवीपर्यंत मला अजिंक्यवीर म्हणूं नका, असें तो सांगत असे. एका वर्षांतच, २२ जून १९३८ रोजीं, त्यानें श्मेलिंगशीं लढत दिली व १२४ सेकंदांत ती जिंकली. आम्हांस ह्या साऱ्या हकीकतींत तेंच अधिक मोलाचें वाटतें. सौदा दुसऱ्यांनीं केला. परंतु त्या सौद्यामुळें आपल्या माथीं आलेलें देणें लुईनें ओळखलें आणि फेडलें.

वाटाघाटींची जुळी बहीण म्हणजे जाहिरात. जी जोड मुळांत विजोड आहे तिलाही शतकांतील महायुद्धाचें रूप देणें ही तिची करामत होय. टेक्स रिकार्ड नांवाचा ठेकेदार हिचा आद्य आचार्य म्हणावा लागेल. १९०६ सालीं नेव्हाडांतील गोल्डफील्ड ह्या खाणीच्या गांवीं एका हलक्या वजनाच्या लढतीसाठीं त्यानें ३०,००० डॉलरचीं सोन्याचीं नाणीं खिडकींत रचून ठेविलीं. लोक नाणीं पाहण्यास आले आणि लढतीचीं तिकिटें घेऊन गेले. १९२१ सालीं त्यानेंच डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए ह्यांची जोड लाविली. कार्पेंतिए डेम्प्सीहून वजनानें बराच हलका होता, आणि त्याचा टिकाव लागणार नाहीं हें जाणत्यांस दिसत होतें. पण तो महायुद्धांत पराक्रम गाजविलेला सैनिक होता, व डेम्प्सीवर लष्करभरती टाळल्याचा खटला होऊन तो निर्दोष सुटला होता. एवढें सूत रिकार्डला पुरेसें झालें. जर्सी सिटींत त्यासाठीं लांकडाचें प्रचंड प्रेक्षागृह उभारलें, आणि २ जुलै रोजीं तिकिटांचें उत्पन्न सतरा लाख डॉलरच्या वर गेलें. दहा लाखांचा आंकडा ओलांडणारी ही पहिलीच लढत. कार्पेंतिए चौथ्या फेरींत आडवा झाला. त्याच काळांत विल्स वाट पाहत बसला होता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

विजोड लढतीनें पैसे गेले तर हानि थोडी. परंतु जाहिरात जेव्हां द्वेषाचें इंधन वापरते तेव्हां आग रिंगणापाशीं थांबत नाहीं. जॅक जॉन्सन अजिंक्य झाल्यावर गोऱ्या वंशाची अब्रू राखण्यासाठीं जेम्स जेफ्रीज ह्यानें परत यावें, असा घोष अमेरिकेंतील वर्तमानपत्रांनीं चालविला. जेफ्रीज निवृत्त होऊन पांच वर्षें झालीं होतीं. तो आपल्या शेतावर स्वस्थ होता व त्याचें शरीर सुटलें होतें. तरी त्यास ओढून आणिलें. लढत सान फ्रान्सिस्कोस ठरली, तेथील राज्यपालानें मना केली, म्हणून ती नेव्हाडांतील रीनो गांवीं नेली. ४ जुलै १९१० रोजीं जॉन्सननें पंधराव्या फेरींत जेफ्रीजला हरविलें, आणि त्या रात्रीं देशांतील अनेक शहरांत दंगली होऊन कित्येक माणसें, बहुतेक कृष्णवर्णीय, प्राणांस मुकलीं. त्या लोकांनीं तिकीटही काढिलें नव्हतें. ज्यांनीं मथळे लिहिले त्यांच्या केसालाही धक्का लागला नाहीं.

ह्याचाच धाकटा प्रकार म्हणजे लढतीपूर्वीं प्रतिस्पर्ध्यास अपमानाचे शब्द बोलणें. महंमद अली आणि जो फ्रेझर हे ८ मार्च १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें लढले तेव्हां प्रत्येकास २५ लाख डॉलर मिळाले. तोंवर इतकें मानधन कोणी ऐकलें नव्हतें. अलीस युद्धसेवा नाकारल्यामुळें लढण्याची बंदी होती तेव्हां फ्रेझरनें त्यास पैशाची मदत केली होती व बंदी उठावी म्हणून शब्दही टाकिला होता. असें असूनही अलीनें त्यास आपल्या जातभाईंचा द्रोही, गोऱ्यांचा बंदा म्हणून हिणविलें, आणि १९७५ च्या मनिला येथील लढतीपूर्वीं तर त्यास माकडाची उपमा दिली. तिकिटें खपविण्यासाठीं तसें बोललों, असा खुलासा करून २००१ सालीं अलीनें क्षमा मागितली. अली थोर पुरुष होता, आणि क्षमा मागणें हेंही थोरपणाचेंच. परंतु त्या शब्दांपायीं फ्रेझरच्या मुलांस शाळेंत सोबत्यांचे टोमणे सोसावे लागले, आणि फ्रेझरच्या मनांतील सल पुढें कित्येक वर्षें गेला नाहीं. लढतीचे घाव काहीं आठवड्यांत भरून आले. जाहिरातीचे भरले नाहींत.

आतां अलीकडील काळाकडे वळूं. १९९२ सालीं रिडिक बो हा अजिंक्य झाला. त्याचा पहिला आव्हानवीर लेनॉक्स लुईस ह्यानें त्यास १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतींत हरविलें होतें. पैशाच्या वाटणीचा प्रश्न सुटेना. तेव्हां बो ह्यानें लंडनमध्यें वार्ताहरांच्या देखत वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा पट्टा केराच्या टोपलींत टाकिला, पण लुईसशीं लढण्याचें पत्करलें नाहीं. हे दोघे व्यावसायिक रिंगणांत कधींच भेटले नाहींत.

इंग्लंडच्या टायसन फ्यूरी व अँथनी जोशुआ ह्यांच्या लढतीचा घोळ तर आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच असेल. जून २०२० मध्यें जोशुआचा ठेकेदार एडी हर्न ह्यानें दोन लढतींची आर्थिक बोलणी जमल्याचें जाहीर केलें. त्यानंतर जवळजवळ वर्षभर रोज नवी वार्ता. १६ मे २०२१ रोजीं फ्यूरीनें १४ ऑगस्ट ही तारीख व सौदी अरेबिया हें स्थळ जाहीर केलें, आणि दुसऱ्याच दिवशीं अमेरिकेंतील लवादानें निवाडा दिला कीं, जुन्या करारान्वयें फ्यूरीनें आधीं डिऑन्टे वाइल्डरशीं तिसऱ्यांदा लढलें पाहिजे. ज्या लवादाचा निकाल यावयाचा बाकी आहे हें ठाऊक असतां तारखेची दवंडी पिटणें, ह्याला काय म्हणावें? सप्टेंबरांत जोशुआ युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिककडून हरला व त्याचे तिन्ही पट्टे गेले. पिकलें तेव्हां खाल्लें नाहीं, आणि फळ नासलें.

मग पट्टे होते ते फ्यूरी आणि उसिक ह्यांच्यापाशीं. मार्च २०२३ मध्यें फ्यूरीनें मागणी केली कीं, उत्पन्नाचे ७० टक्के आपणास व ३० टक्के उसिकला. तीन पट्टे धारण करणाऱ्यास हें अपमानकारकच होतें. उसिकनें उत्तर दिलें कीं, मान्य आहे. मात्र लढतीनंतर लगेच युक्रेनच्या लोकांसाठीं दहा लाख पौंड द्यावे. त्याचा देश त्या वेळीं रशियाच्या आक्रमणाशीं झुंजत होता, आणि त्यानें स्वतः १९२२ च्या विल्सप्रमाणें दाराशीं उभें न राहतां, पाय अडकविण्याची सबबच काढून घेतली. तरीही त्याच महिन्यांत बोलणीं फिसकटलीं. फ्यूरी ऑक्टोबरांत लढला तो फ्रान्सिस नगानू ह्या मल्लाशीं, ज्यानें तोंवर एकही व्यावसायिक मुष्टियुद्ध केलेलें नव्हतें. आणि तिसऱ्या फेरींत त्यानेंही फ्यूरीस जमीन दाखविली. उसिकशीं लढत १७ फेब्रुवारी २०२४ ला ठरली, सरावांत फ्यूरीच्या डोळ्यावर जखम झाल्यानें पुढें गेली, आणि १८ मे रोजीं रियाध येथें अखेर झाली. नवव्या फेरींत दोरांच्या आधारानें उभ्या राहिलेल्या फ्यूरीवर पंचांनीं आंकडे मोजले. तीन परीक्षकांपैकीं दोघांनीं उसिकला कौल दिला. १९९९ सालीं लेनॉक्स लुईस निर्विवाद अजिंक्य झाला होता. त्यानंतर हा पहिलाच. उसिकचें वय त्या दिवशीं ३७ होतें, म्हणजे विल्सच्या तोंडावर दार मिटलें तेव्हां त्याचें जेवढें होतें तेवढेंच.

इतकी खटपट करून जुळविलेले चार पट्टे किती दिवस एकत्र राहिले? सहा आठवडेही नाहींत. फ्यूरीशीं पुन्हां लढण्याचें कलम करारांत होतें, आणि इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनच्या नियमाप्रमाणें तिच्या आव्हानवीराची पाळी आली होती. तेव्हां जूनच्या अखेरीस उसिकनें तो एक पट्टा सोडून दिला. लायक आव्हानवीरास संधि मिळावी हा नियम चांगला. हरलेल्यास दुसरी संधि मिळावी हें कलमही समजण्यासारखें. पण दोहोंचा मेळ घालणारा कोणी नाहीं म्हणून निकाल असा विचित्र लागतो.

ह्यावर उपाय नाहीं असें नाहीं, आणि तो नवा शोधावयासही नको. आव्हानवीराशीं लढण्याची मुदत आली व दोन्ही पक्षांत एकमत झालें नाहीं, तर ह्या संस्था त्या लढतीचा लिलाव करितात. ठेकेदारांकडून मोहोरबंद बोल्या घेतात, सर्वांच्या देखत उघडतात, अधिक रक्कम देणाऱ्यास लढत भरविण्याचा हक्क मिळतो, आणि वाटणीचें प्रमाण नियमानें ठरतें. ज्यास तें मान्य नसेल त्यानें पद सोडावें. हाच नियम दोन निराळे पट्टे धारण करणाऱ्या वीरांसही लागू करावा, असें आमचें मत आहे. ठराविक महिन्यांत बोलणीं जमलीं तर उत्तम. न जमलीं तर लिलाव, निम्मी निम्मी वाटणी आणि रिंगण. ठेकेदार म्हणतील कीं, अशानें मोठ्या लढतीची हवा तापण्यास वेळ मिळणार नाहीं व उत्पन्न घटेल. घटूं द्या. ह्या हवेवर ठेकेदाराचें पोट चालतें; ज्याचीं वर्षें जातात तो तीवर जगूं शकत नाहीं.

पण चार संस्थांनीं असा नियम केव्हां करावा हें आपल्या हातीं नाहीं. आपल्या हातीं आहे ती आपली नजर. हा बाजार प्रेक्षकाच्या उतावळेपणावर चालतो. 'बोलणीं अंतिम टप्प्यांत', 'सह्या झाल्याच', 'आठवड्याभरांत घोषणा' अशा वार्ता वाचणारे डोळे आहेत म्हणून त्या लिहिल्या जातात. विद्यार्थ्यांनीं अशी वार्ता वाचतांना तीन प्रश्न मनांत धरावे: स्थळ ठरलें आहे काय? तारीख ठरली आहे काय? आणि ह्या लढतीमुळें दाराशीं कोण ताटकळत उभा आहे? पहिल्या दोहोंचें उत्तर नसेल तर ती वार्ता नव्हे, जाहिरात आहे. तिसऱ्याचें उत्तर मात्र दर वेळीं शोधून काढावें. कारण वर्तमानपत्रें त्या माणसाचें नांव क्वचितच छापतात.

आमच्या शाळांच्या मैदानांवरही लहानमोठीं अजिंक्यपदें आहेत. ढाल ज्या संघाकडे आहे त्यास मैदान ओलें असल्याचें, गडी आजारी असल्याचें, परीक्षा जवळ आल्याचें कारण सांगणें नेहमींच सोपें असतें. कपाटांत ठेविलेली ढाल हरत नाहीं, हें खरें. परंतु तिच्यावर कोरलेलें नांव तेव्हांच खरें ठरतें, जेव्हां शेजारच्या शाळेचा सर्वांत बळकट संघ आव्हान घेऊन येतो आणि आपला कप्तान त्यास दिवस व वेळ सांगतो.